घाटमाथ्यावरील परस व वसंतांतील बहर

परसबागेविषयीं आपल्या भाषेंत जें लिहिलें गेलें त्यांतील बरेंचसें कोंकणपट्टी, मुंबई व पुणें येथील घरें डोळ्यांपुढें ठेवून लिहिलेलें दिसतें. कोंकणांत हवा दमट, रात्रीं दंव पडतें, माघ-फाल्गुनांतहि पानास थोडीबहुत ओल मिळते. तेथें सुरंगी, बकुळ, सोनचाफा हीं झाडें मनुष्याच्या मेहनतीवांचूनहि फुलतात. “वसंतांत बागेस पाण्याची कमतरता पडूं देऊं नये” हा उपदेश तेथें चालून जातो. तोच उपदेश देऊळघाटासारख्या घाटमाथ्यावरील गांवीं लागू केला म्हणजे दुहेरी नुकसान होतें. एक तर ज्या दिवसांत विहिरीचा तळ दिसूं लागतो त्याच दिवसांत बागेसाठीं पाणी आणावें लागतें, व तें बहुधा घरांतील स्त्रियांच्या डोक्यावरून येतें. दुसरें असें कीं, ज्या झाडांसाठीं हा खटाटोप करावयाचा त्यांतील पुष्कळांस त्या वेळीं पाणी नकोच असतें, आणि कांहींचा तर त्या पाण्यानें बहर बुडतो.

देऊळघाट हें बुलढाण्याजवळ पैनगंगेच्या कांठीं वसलेलें गांव. पैनगंगा पुढें वर्धेस मिळेपर्यंत मोठी नदी होते; येथें ती उगमाजवळची असल्यामुळें पावसाळा सरतांच तिचें पात्र उघडें पडूं लागतें. पाऊस मृगापासून हस्तापर्यंत काय पडेल तोच. पुढील आठ महिने त्याच्यावर काढावयाचे. मात्र उंचीमुळें घाटाखालील मलकापूर-नांदुऱ्याच्या मानानें येथील रात्री थंड असतात व हिंवाळा चांगला पडतो. हा थंडावा म्हणजे परसबागेचें भांडवल आहे, व तें कसें वापरावें हाच या लेखाचा विषय. पंचांगांतील वसंत चैत्र-वैशाखांत येत असला तरी परसांतील वसंत माघांत शेवग्याच्या फुलानें सुरू होतो आणि वैशाखांत बहाव्याच्या पिवळ्या झुंबरांनीं संपतो. या साऱ्या काळांत घरांतून बागेसाठीं दोन-चार बादल्यांहून अधिक पाणी निघत नाहीं. त्या बादल्या कोणाला घालावयाच्या?

फूल येणें हें पाणी मिळाल्याचें फळ होय अशी सामान्य समजूत आहे. पावसाळी फुलांपुरती ती खरी आहे. वसंतांतील फुलांची गोष्ट निराळी. पळस, पांगारा, काटेसावर हीं झाडें ऐन कोरड्या दिवसांत फुलतात, आणि तींहि अंगावर पान नसतांना. पान गळलें म्हणजे त्यावाटे वाफ होऊन जाणारें पाणी थांबतें. खोडांत सांठलेली व खोल मुळांनीं वर आणलेली ओल मग कळ्यांच्या वांट्यास येते. म्हणजे पान टाकणें ही त्या झाडाची काटकसर असते. आंबा, लिंबू यांसारखीं सदां हिरवीं झाडें पानें टाकीत नाहींत, परंतु तींहि फुलण्यापूर्वीं वाढ थांबवून कांहीं आठवडे स्वस्थ बसतात. बागाईतदारांनीं हें फार पूर्वींच ओळखलें आणि झाडास मुद्दाम तहानेलें ठेवून बहर धरण्याच्या रीतीस “ताण देणें” हें नांव दिलें. नागपूर-वऱ्हाडांतील संत्र्याचा आंबिया बहार या रीतीवरच चालतो. जें संत्र्याच्या बागेस लागू आहे तें परसांतील झाडासहि लागू आहे. परंतु शेतांत काटेकोरपणें ताण देणारा शेतकरी घरामागील झाडाच्या बाबतींत हें विसरतो, कारण तेथील पाणी त्याच्या हातांत नसून मोरीच्या तोंडाशीं असतें.

परसांतील आंब्याचें जितकें नुकसान मायेनें होतें तितकें रोगानेंहि होत नसेल. पुष्कळ घरीं मोरीचें पाणी आंब्याच्या बुंध्याशीं सोडलेलें असतें व तें बारा महिने वाहतें. झाड हिरवेंगार दिसतें, पौषांत तांबूस पालवी फुटते, घरचीं माणसें कौतुक करितात. आणि शेजारच्या बांधावरील बिनपाण्याचा आंबा मोहोरानें भरून गेला तरी हा मोहोरत नाहीं. मग कोणी खोडास खिळे मारतो, कोणी दृष्ट लागली म्हणून बिब्बा बांधतो. फांदीच्या टोंकावरील डोळ्यांतून पालवी निघावयाची कीं मोहोर, हें साधारणपणें कार्तिक ते पौष या काळांत ठरतें. त्या वेळीं जमीन कोरडी होत गेली व रात्री थंड पडल्या तर झाड वाढ थांबवितें आणि पक्व काडीच्या टोंकास मोहोर येतो. पाणी चालू राहिलें तर तोच डोळा पालवी होऊन फुटतो, व त्या काडीचें तें वर्ष फुकट जातें. कोंकणांत हवा उबदार व दमट असल्यामुळें हापुसाची वाढ वेळेवर थांबेल याची खात्री नसते. म्हणून तेथील बागाईतदार पावसाळ्यांतच पॅक्लोब्युट्राझॉल नांवाचें वाढ रोखणारें औषध पैसे खर्चून मुळांशीं घालतात. घाटमाथ्यावर थंड रात्र व कोरडी जमीन हेंच काम फुकट करून देतात. आपण त्यांच्या आड येऊं नये, एवढेंच.

तेव्हां दसरा झाला कीं चर खणून मोरीचें पाणी आंब्यापासून दुसरीकडे वळवावें. मोहोर फुलला म्हणून पाण्याची घाई करूं नये. फळ वाटाण्याएवढें झालें म्हणजे पहिलें पाणी द्यावें, तेंहि बेतानें. आणि खोडापाशीं न घालतां फांद्यांच्या घेराच्या कडेस गोल चर काढून त्यांत घालावें, कारण पाणी शोषणारीं बारीक मुळें तेथें असतात. मोहोरावर फुलें शेंकड्यांनीं असतात, पण त्यांतील बरींचशीं केवळ नर असतात व उरलेल्यांतूनहि थोडींच फळ धरितात. म्हणून बारीक फळ गळतांना पाहून घाबरून पाण्याचा मारा करूं नये. झाडास जेवढीं फळें पोसावयाचीं असतात तेवढींच तें ठेवितें. नवीन लावलेलें दोन-तीन वर्षांचें कलम मात्र या नियमांत येत नाहीं. त्यास अजून फुलावयाचें नाहीं, वाढावयाचें आहे; त्याला उन्हाळाभर पाणी पाहिजे, आणि चुकून मोहोर आलाच तर तो खुडून टाकावा.

शेवग्यास पाणी फार झालें तर पाला माजतो व फूल गळतें. कुंपणाच्या कडेस, मोरीपासून दूर, मुरमाड जागीं लावलेला शेवगा थोड्या पाण्यांत उत्तम फुलतो. पूर्वीं आपल्याकडे हाताएवढी जाड फांदी तोडून ज्येष्ठांत पुरण्याची चाल होती. हल्लीं तामिळनाडूंतील पेरियाकुलम येथें निघालेली पीकेएम-१ व दापोलीच्या कोंकण कृषी विद्यापीठाची कोंकण रुचिरा या जाति प्रसिद्ध आहेत. जाति कोणतीहि असो, शेंगा संपल्या कीं छातीइतक्या उंचीवर झाड छाटावें. न छाटलेला शेवगा उंच जातो, शेंग हातीं येत नाहीं, आणि त्याचें लांकूड ठिसूळ असल्यामुळें वळवाच्या वाऱ्यांत फांदी घराच्या कौलांवर येते.

कडुनिंब व करंज यांना पाणी देण्याचा प्रश्नच नाहीं. गुढीपाडव्याला कडुनिंबाची डहाळी फुलासकट मिळते ती तो कोणाच्या बादलीची वाट पाहत नाहीं म्हणूनच. पळस व पांगारा बांधावरच शोभतात. घराजवळ त्यांची दाटी करण्याचें कारण नाहीं. बहावा मात्र एक तरी असावा. तो सावकाश वाढतो, फुलावयास बरींच वर्षें घेतो, म्हणून लोक कंटाळून गुलमोहोर लावितात. गुलमोहोर मादागास्करचा पाहुणा. दिसतो देखणा, परंतु त्याच्या वरवर पसरणाऱ्या मुळांखालीं दुसरें कांहीं नीट वाढत नाहीं, व लहान परसांत ती जागा परवडण्यासारखी नाहीं.

कागदी लिंबाच्या बाबतींत प्रस्तुत लेखकाचें मत प्रचलित उत्साहाच्या थोडें उलट आहे. लिंबास वसंतांतच अधिक फूल येतें हें खरें. पण त्या फुलाचें फळ तयार होतें तें पावसाळ्यांत, जेव्हां लिंबाला ना घरांत मागणी ना बाजारांत भाव. उन्हाळ्यांत हातीं यावें असें फळ भाद्रपद-आश्विनांतील हस्त बहाराचें. तो बहार धरणें कठीण, कारण त्याआधीं ताण द्यावयाचा तर पाऊस चालू असतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानें (स्थापना १९६९) यासाठीं वाढ नियंत्रक औषधांची रीति बसविली आहे व बागाईतदारांनीं ती अवश्य समजून घ्यावी. परसांतील एका झाडासाठीं तो खटाटोप नको. एकच झाड असेल तर त्यास कडक ताण न देतां मध्यम पाण्यावर ठेवावें, म्हणजे थोडें थोडें फूल पुष्कळ वेळां येतें व घराला बहुतेक वर्षभर लिंबू मिळतें. संत्रें किंवा मोसंबी घरामागें असेल तर मात्र ताण द्यावाच. मार्गशीर्षांत पाणी तोडावें. हलक्या जमिनींत महिनाभर, भारी काळ्या जमिनींत त्याहून पंधरवडा अधिक. पानांचा तजेला जाऊन थोडीं पानें गळूं लागलीं म्हणजे ताण पुरा झाला असें समजावें. मग आळें उकरून, शेणखत घालून पहिलें पाणी हलकें, दुसरें थोडें अधिक व तिसरें भरपूर द्यावें. एकदम भरपूर पाणी दिल्यास फुलाऐवजीं पालवीच जोर करिते.

परसांतील दोन-चार बादल्यांवर खरा हक्क आहे तो मोगऱ्याचा. त्यास आधीं विश्रांति व मग पाणी अशा दोन्हीं गोष्टी हव्या असतात, आणि त्या त्याच क्रमानें. मोगऱ्याची कळी जुन्या काडीवर येत नाहीं. नव्या फुटीच्या टोंकास येते. म्हणून ज्या झुडुपास वर्षानुवर्षें कात्री लागलेली नाहीं त्याला पाला ढीगभर व फूल चिमूटभर अशी स्थिति होते. मार्गशीर्ष लागला म्हणजे मोगऱ्याचें पाणी बंद करावें. पानें पिवळीं पडून गळूं लागलीं तर हळहळूं नये. तेंच हवें आहे. पौषाच्या अखेरीस जमिनीपासून हातभर ठेवून सर्व फांद्या छाटाव्या, वाळलेल्या व आंत घुसलेल्या मुळापासून काढाव्या, भोंवतालची माती वीतभर उकरून दोन-चार दिवस उन्हांत तापूं द्यावी, आणि मग दोन घमेलीं चांगलें कुजलेलें शेणखत घालून आळें बांधावें. त्यानंतर पाणी सुरू. येथून पुढें हयगय चालत नाहीं. पाणी तुटलें तर कळी बारीक राहते व उमलण्यापूर्वींच तांबूस होऊन गळते. कोरड्या उन्हांत पानांच्या पाठीमागें कोळी नांवाची बारीक कीड होते, तिच्यासाठीं सायंकाळीं पानांवर पाण्याचा शिडकावा पुष्कळ वेळां पुरतो. फाल्गुनाच्या अखेरीस कळी दिसूं लागते व ज्येष्ठापर्यंत बहर चालतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास ओंजळभर फूल घरचें हवें असेल तर छाटणी वसंतपंचमीच्या पुढें जाऊं देऊं नये. मोगऱ्याचें फूल सायंकाळीं उमलतें. दिवस मावळण्यापूर्वीं कळी खुडून ओल्या फडक्यांत ठेविली तर सकाळपर्यंत टिकते. जातींत बटमोगरा भरगच्च व दिसण्यांत सुंदर, मदनबाणाची कळी लांबट, परंतु घरच्या गजऱ्यास हजारी मोगऱ्यासारखा झुबक्यानें फुलणारा गरीब प्रकारच अधिक उपयोगी पडतो.

येथें नांवांचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. जाई, जुई, सायली, कुंद हीं सर्व मोगऱ्याचीं भावंडें असलीं तरी त्यांचे ऋतु एक नव्हेत. वसंतांत व उन्हाळ्यांत मोगऱ्याबरोबर फुलते ती जुई. जाई व सायली पावसाळ्याच्या, कुंद थंडीचा. फेरीवाल्याकडून वेल घेऊन “माझी जाई चैत्रांत फुलत नाहीं” म्हणून तिला पाणी घालीत बसणारे गृहस्थ आढळतात, त्यांच्यासाठीं हें लिहिलें.

देवचाफा हें अमेरिकेंतून आलेलें झाड, परंतु आतां तें आपल्या देवळांचेंच झालें आहे. त्याच्या जाड फांदींत इतकें पाणी सांठलेलें असतें कीं ती तोडून आठ-दहा दिवस सावलींत चीक वाळूं देऊन मगच लावावी. ओली लाविली तर कुजते. पुढें त्यास उन्हाळ्यांत पाणी लागत नाहीं. पाणी घातल्यास पान आधीं येतें व फूल मागें पडतें. कण्हेरीविषयीं मात्र शेतकऱ्याच्या घरीं सावध राहावें. ती पाण्यावांचून तग धरते व उन्हाळाभर फुलते हें खरें, पण पांढरी, तांबडी किंवा पिवळी, कोणत्याहि कण्हेरीचें पान जनावरास विषारी असतें, आणि तें वाळल्यावरहि विषारीच राहतें. छाटलेल्या फांद्या गव्हाणीजवळ किंवा कुटाराच्या ढिगाशेजारीं टाकूं नयेत. ज्या परसांत वासरें मोकळीं फिरतात तेथें कण्हेर लावूंच नये.

आतां सांडपाण्याविषयीं. सारें सांडपाणी सारखें नसतें. भाजी, तांदूळ, डाळ धुतलेलें पाणी सर्वांत चांगलें. तें मोगऱ्यास द्यावें. स्नानाचें पाणी केळ, कर्दळ व अळू यांच्या वाफ्यांत सोडावें. कपड्यांचें पाणी मात्र हल्लींच्या धुण्याच्या पावडरींमुळें पूर्वींचें राहिलेलें नाहीं. त्यांतील सोडियमचे क्षार काळ्या मातीचे कण सुटे करितात. मग माती ओली असतां चिकट लगदा व वाळल्यावर वीट बनते, आणि पाणी खालीं मुरत नाहीं. घाटाखालीं पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाण पट्ट्यांत निसर्गानें जें मोठ्या प्रमाणावर करून ठेविलें आहे तेंच आपण परसाच्या एका कोपऱ्यांत स्वहस्तें करितों. हें पाणी शोषखड्ड्यांत सोडावें, झाडास घालूं नये.

चांगलें पाणीहि उघड्या आळ्यांत ओतलें तर फाल्गुनाच्या उन्हांत त्यांतील बराच भाग उडून जातो. जुनें झिरपणारें मडकें मोगऱ्याच्या शेजारीं गळ्यापर्यंत पुरून, भरून, तोंडावर झांकण ठेवावें. त्यांतील पाणी दोन-तीन दिवस मुळांकडे झिरपत राहतें, व झांकणामुळें डांस होत नाहींत. भोंवतीं सोयाबीनचें कुटार चार बोटें जाड पसरावें; मात्र खोडाभोंवतीं वीतभर जागा मोकळी ठेवावी, नाहींतर वाळवी कुटाराबरोबर सालहि खाते.

या बहराचा संबंध परसाच्या कुंपणाबाहेरहि पोंचतो. बुलढाणा जिल्ह्यांत कांद्याचें बीं तयार करणारे शेतकरी पुष्कळ आहेत. कांद्याच्या एकाच फुलांत पराग आधीं पिकून झडतात व कुक्षि मागाहून तयार होते; म्हणून एका फुलाचे पराग दुसऱ्यावर नेणारें कोणी तरी लागतें, व हें काम मुख्यत्वें मधमाश्या करितात. हा फुलोरा माघ-फाल्गुनांत येतो. त्या वेळीं तूर कापलेली, हरभरा निघालेला, गहूं पिवळा पडलेला. शिवारांत माशीस खाणें उरत नाहीं. आग्या, फुलोरी किंवा सातेरी यांचें पोळें त्या शिवारांत टिकतें तें शेवगा, लिंबू, करंज, कडुनिंब यांच्या जोरावर. घरोघरच्या परसांतून हीं झाडें गेलीं कीं बीजोत्पादकाची सारी मदार भाड्यानें आणलेल्या पेट्यांवर येते.

परसांतील फुलें माशीस कांद्यापासून ओढून नेणार नाहींत काय, अशी शंका कोणी काढील. ती रास्त आहे. कांद्याच्या मधुरसांत पालाश अधिक असल्यानें माशीस तो फारसा रुचत नाहीं असें संशोधकांस आढळून आलें आहे. परंतु कांदा फुलतो महिना-सवा महिना, आणि पोळ्याला जगावयाचें असतें बारा महिने. शेजारीं दुसरें फूल नसावें अशी इच्छा करणें म्हणजे गडी फक्त कापणीपुरता जिवंत असावा अशी इच्छा करण्यासारखें आहे.

माशीचा खरा शत्रु अवेळची फवारणी हा होय. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे व भुरी येतात आणि औषध मारणें भाग पडतें. पण तें मोहोर उमलण्यापूर्वीं मारावें. पूर्ण फुललेल्या मोहोरावर मारलेल्या कीटकनाशकानें मधमाश्याच नव्हे, तर आंब्याचें परागीकरण करणाऱ्या इतर माश्याहि मरतात, आणि नुकसान शेवटीं मारणाऱ्याच्याच पदरीं पडतें. कांद्यावरील फुलकिड्यांचा बंदोबस्तहि गोंडे उमलण्याच्या आधीं उरकावा. अगदीं टाळतां येतच नसेल तर सूर्यास्तानंतर फवारावें, व बांधापलीकडे ज्याच्या पेट्या असतील त्यास आदल्या दिवशीं निरोप द्यावा, म्हणजे त्यास त्या रात्रीं हलवितां येतात. ज्यांना पेट्या आणावयाच्या आहेत त्यांनीं शेतांतील सुमारें दहांतील एक गोंडा उमलल्यावरच त्या ठेवाव्या. आधीं ठेविल्यास माशी गांवांतील शेवग्याची वाट धरते, आणि एकदां धरलेली वाट ती लवकर सोडीत नाहीं.